फिनफूटचा कप्पा आणि त्याचा शेजार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संग्रहालयाचे संचालक साहेब. विद्यापीठातून एवढ्या लांबून, तेही भर दुपारच्या उन्हात आलेल्या प्रमुख पाहुण्या. नियामक समितीचे सन्माननीय सदस्य. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि त्यांची कन्या. माझे आजी-माजी सहकारी. आणि दाराशी उभं राहून चहा कधी मिळणार याचा अंदाज घेणारे आमचे तिकीट खिडकीवाले, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. व्यासपीठावर मधोमध जी रिकामी खुर्ची आहे तिलाही नमस्कार करतो. ज्यांचा निरोप समारंभ आहे त्या बाई तिथे असायला हव्या होत्या, पण सध्या तरी सत्कार खुर्चीचाच चाललाय असं दिसतं.

बाई येतील, काळजी नसावी. त्यांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. या इमारतीत सगळे त्यांना मागून टिबुकली म्हणतात. टिबुकली हा तळ्यातला छोटा पक्षी. आपण नुसतं बोट दाखवलं की बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. बैठक म्हटली, भाषण म्हटलं, फोटो म्हटला की बाई अशाच गायब. आणि मला मागून काय म्हणतात तेही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला कुणाला हसू दाबायला नको. मला चांदवा म्हणतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या टकलाचा पाणपक्षी. नाव कशावरून पडलं हे सांगायला मी टोपी काढायची गरज नाही.

बाईंनी मघाशी स्वतः येऊन मला सांगितलं की आज तुम्ही बोला. एवढंच नाही, तर जरा सावकाश बोला, म्हणाल्या. आयुष्यभर जी बाई मला ‘थोडक्यात सांगा’ म्हणत आली, तिनं जाता जाता मला लांबण लावायची परवानगी द्यावी? असो. दिलेला शब्द पाळतो.

साहेब, राग मानू नका, पण सुरुवात एका दुरुस्तीनं करावी लागतेय. आपण प्रास्ताविकात म्हणालात की बाईंनी आपलं आयुष्य बदकांच्या अभ्यासाला वाहिलं. समितीनं भेट म्हणून आणलंय ते काचेचं बदक. सुंदर आहे. महाग असणार. पण साहेब, ते बदक नाही. म्हणजे भेट बदक आहे, बाईंचा पक्षी बदक नाही. आपल्या खोलीच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर तो एवढी वर्षं पडलाय, आणि आपल्याला जिना चढून त्याची चौकशी करावीशी वाटली नाही याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

तर बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. त्याला इंग्रजीत फिनफूट म्हणतात, कारण त्याच्या पायांच्या बोटांना माशाच्या परांसारख्या पाळ्या असतात. मराठीत त्याला नाव असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. नावं ठेवायलासुद्धा आधी ओळख लागते, आणि हा पक्षी कुणाला ओळख देत नाही. उष्ण प्रदेशातल्या नद्या, खाड्या, पाण्यावर ओणवी झालेली झाडं, त्या झाडांच्या सावलीत काठाकाठानं हा पोहतो. चाहूल लागली की आवाज न करता झाडीत. सबंध कुळात मिळून जाती फक्त तीन, आणि त्या तिघी तीन वेगवेगळ्या खंडांत. असं हे लाजाळू घराणं. त्यातल्या एका जातीचा नर तर पिल्लांना पंखाखालच्या कातडीच्या खिशात ठेवतो. पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेले, आणि बाप त्यांना खिशात घालून पोहतो, प्रसंगी उडतोसुद्धा. हे मी शाळेच्या सहलींना सांगतो तेव्हा मुलं खरंच गप्प होतात. समितीला सांगितलं तेव्हा एका सदस्यांनी विचारलं होतं, तो अंडी किती देतो. असो.

मला चिठ्ठी आली आहे. ‘आवरते घ्यावे.’ घेतो साहेब. आत्ता कुठे विषयाला सुरुवात झालीय.

आता यात भांडायचं काय होतं? सांगतो. आमच्या वरच्या दालनात हजारो पक्षी आहेत, पेंढा भरलेले, कप्प्यांमध्ये ओळीनं झोपवलेले. हे कप्पे कसे लावायचे याची आमच्या धंद्यातली रीत अशी की जे नात्यानं जवळ ते कप्प्यानं जवळ. चुलत्याशेजारी चुलता, मावशीशेजारी मावशी. कोण कुणाचा कोण, हे आम्ही कपाटाकडे नुसतं बघून सांगतो. बाईंच्या घरीही हाच प्रकार आहे, हे त्यांच्या यजमानांनी मला एकदा काकुळतीला येऊन सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटा, टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाच टोपलीत, कारण चौघं एका कुळातली. मोहरीचा डबा कोबीशेजारी. यजमान बिचारे बटाटा शोधत होते, तर बाई म्हणाल्या, वांग्याच्या घरी बघा. हसताय काय, मान हलवतायत बघा ते.

तर आता अडचण अशी की फिनफूटला ठेवायचं कुणाच्या शेजारी? पायाच्या पाळ्या बघाव्यात तर टिबुकलीसारख्या. म्हणून जुन्या लोकांनी त्याला टिबुकल्यांशेजारी ठेवला. मी इथं लागलो तेव्हा तरुण होतो, केस होते, आणि मी सगळ्यांना पटवून दिलं की हे चूक आहे, याचं गोत्र चांदव्याचं. पाळ्या चांदव्यालाही असतात आणि बाकी हाडापेराची ठेवणही तिकडचीच. तेव्हाच्या संचालकांना पटलं. बाई तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आता एक कप्पा हलवणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत नसेल, साहेब. कपाटं गच्च भरलेली. मधे एक घुसवायचा तर पुढचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात. सगळं खातं कामाला लागलं. बोळभर कप्पे जमिनीवर मांडलेले, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या गर्दीत, निव्वळ जागा नव्हती म्हणून, फिनफूटचा कप्पा जाऊन पडला इवल्यांच्या कप्प्याशेजारी. इवल्या हे आमचं खात्यातलं नाव. चिमणीहून थोड्या मोठ्या, लोकरीसारख्या मऊ शेपटीच्या, गवतात दडून राहणाऱ्या पाणकोंबड्या म्हणा हवं तर. फिनफूटशी त्यांचं काही म्हणजे काही साम्य नाही. तो लांब मानेचा, या मुठीएवढ्या. तो पाण्यात, या गवतात. आणि बाई त्या दोन कप्प्यांमध्ये उकिडव्या बसल्या आणि उठेचनात.

मी विचारलं, कंबर धरली का? तर म्हणाल्या, “ही एका घरची आहेत.”

मी हसलो. आज कशाला खोटं बोलू, चांगला खदखदून हसलो. म्हटलं, कशावरून? म्हणाल्या, बघा की. मी बघितलं. मला काही दिसलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. तुम्हाला सांगतो, या गोष्टीनं माझी झोप उडवलेली आहे. तेच दोन कप्पे, तेच डोळे, आणि त्या बाईला जे दिसलं ते मला का दिसू नये? मी चांदव्याची बाजू घेऊन तासभर बोललो. पाय, चोच, छातीचं हाड, सगळं काढलं. बाई ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की घराला शेजार दोन्ही बाजूंना असतो. मी म्हटलं, विषयांतर करू नका. आणि कप्पा उचलून चांदव्याशेजारी नेऊन ठेवला.

पुढं किती वर्षं हा वाद चालला म्हणता! वाद म्हणजे मी बोलायचो. बाई शिस्तीत त्यांचं काम करायच्या, पिसं मोजायच्या, पाय तपासायच्या. मधे कधी मी मुद्दाम खोडी काढली की नुसतं म्हणायच्या, “बघू.” या ‘बघू’चा अर्थ काय, हे यजमानांना माहीत असेल. मला नाही.

आणि मग रक्ताच्या तपासण्या आल्या. परदेशातल्या प्रयोगशाळांनी पक्ष्यांच्या पेशींतून नाती काढायला सुरुवात केली. एक दिवस तो निबंध माझ्या हातात पडला. फिनफूटचं सगळ्यांत जवळचं नातं कुणाशी? इवल्यांशी! चिमणीहून थोड्या मोठ्या, गवतातल्या, लोकरीच्या शेपटीच्या इवल्यांशी. साम्याचं नाव नको, पण रक्त एक.

मी कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, त्यांचा हक्कच आहे. बाईंनी चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बरं झालं. कप्पा हलवायला लागेल. चहा घेणार का?”

संपलं. एवढंच. मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? अहो, माणूस जिंकला की निदान एकदा तरी ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणतो. आमच्या घरी तर मीठ कमी पडलं तरी म्हणतात. मी त्या दिवसापासून त्या एका वाक्याची वाट बघतोय. हरलेल्या माणसाला निदान हरल्याची पावती तरी मिळावी की नाही? मिळाली नाही.

वरून आवाज येतोय. काही नाही, साहेब, जुनी इमारत आहे, दुपारी तापली की कुरकुरते. बसा, बसा. पाहुण्या बसल्यात, आपणच उठलात तर बरं दिसणार नाही.

तर कप्पा हलवायचा होता. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, नवीन लोखंडी कपाटं येणार आहेत, तेव्हा एकदमच हलवा. रास्त आहे. थांबलो. मग आपण आलात, साहेब, आणि थांबणं चालूच राहिलं. कपाटं आली ती गेल्या महिन्यात. चकचकीत आहेत. वरचे कप्पे उथळ, खालचे खोल, आणि मधे फेरफार करायला फट नाही. मग आपल्या कार्यालयातून आदेश निघाला की या कपाटांत पक्षी आकारानुसार लावावेत. लहान वर, मोठे खाली. म्हणजे जागा वाया जाणार नाही.

आकारानुसार! अहो, शाळेच्या फोटोत उंचीप्रमाणे उभं करतात, ते ठीक आहे, फोटो काढून झाला की मुलं आपापल्या घरी जातात. इथं कुणी घरी जाणार नाही. उद्या सकाळी ठेकेदाराची माणसं येऊन प्रत्येक कप्प्यावर पितळी क्रमांक ठोकणार, आणि क्रमांक ठोकल्यावर कोणताही कप्पा हलवू नये, असं आदेशातच आहे. म्हणजे घुबडाशेजारी कावळा, पोपटाशेजारी कोकिळा, इवल्या वर चिमण्यांच्यात आणि फिनफूट खाली बदकांच्यात. कायमचा. मग उद्या कुणी विद्यार्थिनी आली, तिनं फिनफूटचा कप्पा उघडला आणि तिचा हात सहज शेजारच्या कप्प्याकडे गेला, तर तिला काय सापडणार? बदक. बाईंना जे बोळात बसून दिसलं ते पुन्हा कुणाला दिसायची सोय आपण बंद करतोय, साहेब. निवृत्तीच्या दिवशी त्यांना दिलेली खरी भेट ही आहे. काचेचं बदक नुसतं निमित्त.

बैठकीला खातेप्रमुख म्हणून बाईंना बोलावलं होतं. मला नव्हतं, मी बोलतो म्हणून. आपण विचारलंत, कुणाची हरकत? बाई गप्प. तसं नोंदलं गेलं की हरकत नाही. मला हे जिन्यात कळलं. मी बाईंवर इतका चिडलो की विचारू नका. म्हटलं, एवढं आयुष्य घातलंत आणि एक वाक्य बोलता येत नाही? तोंडाला काय कुलूप लावलंय? पाच मिनिटं तरी भांडायचं! त्या एवढंच म्हणाल्या, “बोलून काय होतं? पक्षी हातानं ठेवायचा असतो.”

मला ते तेव्हा कळलं नाही. मी पाय आपटत निघून गेलो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

दुसरी चिठ्ठी. ‘कृपया.’ हो, हो.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? मागच्या चार रांगा बघा. रिकाम्या आहेत. आमचे सुतारमामा कुठे आहेत? झाडलोट करणाऱ्या दोघी मावश्या? लिफ्टवाले काका? पेंढा भरणारे आमचे दोघे कारागीर? बाईंच्या निरोपाला ही मंडळी नाहीत, हे तुम्हाला पटतं? या दालनात सध्या फक्त सह्या करणारे लोक आहेत आणि चहाची वाट बघणारे.

साहेब, आपण लिफ्टचं बटण दाबून उपयोग नाही, ती दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिचं दार उघडं ठेवलंय. जिना आहे, पण माझं भाषण चालू असताना अध्यक्ष उठून गेले तर ती पाहुण्यांची बेअदबी होईल, आणि आपण इतके शिष्टाचाराचे. आणि एक सांगून ठेवतो. वर कुणी काय केलं याची चौकशी करायची झाली तर ती माझ्यापासून सुरू करा आणि माझ्यापाशीच संपवा. त्या मंडळींनी खातेप्रमुखांनी सांगितलेलं काम केलं, आणि बाई आज संध्याकाळपर्यंत खातेप्रमुख आहेत.

सुतारमामांनी गेल्या आठवड्यात लाकडी पट्ट्या कापल्या. त्या आत बसवल्या की एका खोल कप्प्यात दोन उथळ खण एकावर एक राहतात. म्हणजे जागाही वाया जात नाही आणि आकाराची सक्तीही उरत नाही. हे बैठकीत कुणी विचारलं असतं तर बाईंनी सांगितलं असतं. हरकत विचारली, उपाय विचारला नाही.

आणि माझं दुखणं ऐका आता. ज्या कप्प्यासाठी मी उमर घालवली, ज्याच्यासाठी बाईंशी भांडलो, संचालकांशी भांडलो, तो कप्पा आज त्याच्या जागी जातोय आणि मी कुठंय? इथं, माइकपुढं. मी बाईंना म्हटलं, मला वर येऊ द्या, भाषण दुसऱ्या कुणाला द्या. तर म्हणाल्या, “एवढा वेळ दुसऱ्या कुणाला बोलता येणार नाही.” म्हणजे जन्मभर ज्या गोष्टीवरून टोमणे खाल्ले तिचाच आज उपयोग झाला. चीड यावी की अभिमान वाटावा, तुम्हीच सांगा. मला तर अजून हेही माहीत नाही की त्यांनी तो नक्की कुठे ठेवला.

थांबा. लिफ्ट खाली येतेय. या जाळीच्या दाराचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

या, बाई, या. सगळ्यांनी बघा, हाताला धूळ, पदराला पेंढा, आणि चेहऱ्यावर काही नाही. बसा. खुर्ची तुमचीच आहे, आम्ही तिचा बराच सत्कार केलाय. मागून सुतारमामा आलेत, मावश्या आल्यात, टाळ्या वाजवायच्या तर त्यांच्यासाठी वाजवा. साहेब, आपणही वाजवताय, आभारी आहे.

बाई, एकच विचारतो, सगळ्यांसमोर. कुठे ठेवलात? टिबुकलीकडे नाही हे ठाऊक आहे. इवल्यांशेजारीच ना? चांदव्याला पार हद्दपार केलंत ना?

त्या हळू बोलतात, मागे ऐकू आलं नसेल. मी सांगतो. त्या म्हणतायत, “मधे ठेवलाय. एका अंगाला माझ्या इवल्या, दुसऱ्या अंगाला तुमचा चांदवा.” आणि तो निबंध नीट वाचला असतात तर कळलं असतं, म्हणतात. इवल्यांचं आणि फिनफूटचं घर सख्खं, आणि त्या घराला लागून चुलतघर चांदव्यांचं. मी पहिलं पान वाचून कागद घेऊन धावलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत वाचला होता.

म्हणजे बाई... म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो?

त्या काय म्हणाल्या ऐकलंत का? नाही ऐकलंत? हे मात्र मी माइकवरूनच सांगणार. त्या म्हणाल्या, “घराला शेजार दोन्ही बाजूंना असतो. मी म्हटलं नव्हतं?”

एक मिनिट. चष्मा पुसतो.

तर मंडळी, इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार. पाहुण्यांचे आभार, त्यांना बदकाबद्दल ऐकायला बोलावलं होतं. बाईंच्या यजमानांचे आभार, उद्यापासून बाई दिवसभर घरी असतील, डब्यांचं काय ते बघा. अध्यक्षांचे तर विशेष आभार, कारण क्रमांक ठोकल्यावर कप्पा हलवू नये हा आदेश त्यांचाच आहे, आणि आम्ही तो तंतोतंत पाळू. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर या चांदव्याला पदरात घ्या. वर जे झालं त्याची मात्र क्षमा मागत नाही.

चहा बाहेर मांडलाय. लिफ्ट आता सुटी आहे. ज्यांना कप्पा बघायचा असेल त्यांनी आधी वर चला, मी येतोच आहे. मीही अजून बघितलेला नाही.